कुर्ल्याची मोटार, कसब्यातला वाडा

१/
बंद पडलेले यंत्र नेहमी बिघडलेलेच असते असे नाही. कधी ते माणसांमुळे थांबते. सोलापूरच्या उत्तर कसब्यातील एका जुन्या वाड्याच्या पडवीत १९६९ सालची एक फियाट अकराशे डिलाइट २३ वर्षे विटांवर उभी होती. गेल्या पावसाळ्यात ती पुन्हा सुरू झाली. हा धागा त्या मोटारीचा आहे, ती जिथे घडली त्या कारखान्याचा आहे आणि तिच्या हातमोज्याच्या खणात ३३ वर्षे लिहिल्या गेलेल्या एका नोंदवहीचाही आहे.

२/
मोटार एका डॉक्टरांची. २००२ च्या सप्टेंबरात एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. थोरल्या मुलाने मोटार चालू करायचा प्रयत्न केला. ती चालू झाली नाही. रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. डॉक्टर रुग्णालयाच्या दारातच गेले. तेराव्यानंतर धाकट्या मुलाने होटगी रस्त्यावर वेगळे बिऱ्हाड केले. किल्ली वाड्यात थोरल्याकडे राहिली. आरसी बुक आणि नोंदवही धाकट्याबरोबर गेली. भांडण असे झालेच नाही. बोलणे मात्र थांबले.

३/
कायद्याच्या दृष्टीने मोटार मृताच्या नावावर होती. मालकाच्या मृत्यूनंतर ती वारसाच्या नावावर करायची तर नमुना ३१ चा अर्ज लागतो, आणि इतर वारसांची ना-हरकत लागते. दोघांपैकी कोणीही सही मागितली नाही. त्यामुळे मोटार विकता येत नव्हती, मोडीत काढता येत नव्हती आणि चालवताही येत नव्हती. २०२५ मध्ये वाड्याचा व्यवहार ठरला. दिवाळीनंतर पाडकाम होणार होते. भंगारवाला येऊन पत्र्याचे वजन डोळ्यांनीच करून गेला. थोरल्यांनी निरोप पाठवला तो एवढाच: “गाडी वाड्याबाहेर जाईल, पण स्वतःच्या इंजिनावर.”

४/
या मोटारीची पाळेमुळे शोधायला सोलापूरबाहेर फार लांब जावे लागत नाही. ती बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये याच शहरात झाला. रेल्वेची कंत्राटे, बोरघाटातील बोगदे, १९१९ ची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट, १९४१ मध्ये विशाखापट्टणमची जहाजबांधणी: पाणी, आकाश आणि रस्ता या तिन्ही वाटांवर देशी बनावटीचे वाहन धावावे, हा त्यांचा ध्यास होता. त्यांतला रस्ता सर्वांत उशिरा वश झाला.

५/
हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना असावा, अशी योजना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकातच मांडली होती. वालचंद तिच्यामागे उभे राहिले. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली. मात्र युद्धकाळात ब्रिटिश सरकारला या उद्योगाची निकड वाटली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्यांची जुळणी तिथे सुरू झाली.

६/
येथे जुळणी आणि निर्मिती यांतला फरक ध्यानात घ्यावा. सुटे भाग पेट्यांतून आणून जोडणे म्हणजे जुळणी. जनरल मोटर्स हे काम मुंबईत शिवडीला १९२८ पासून करत होती. स्वतंत्र भारताने १९५३ मध्ये धोरण ठरवले: देशात टप्प्याटप्प्याने भाग बनवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे असेल, त्यांनीच येथे राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी काढता पाय घेतला. कुर्ल्याचा कारखाना टिकला. त्याच वर्षी वालचंदांचा मृत्यू झाला. कारखान्यातून पूर्णपणे देशी मोटार बाहेर पडलेली त्यांना पाहता आली नाही.

७/
तोवर इटलीच्या फियाटशी करार झाला होता. आधी चिमुकली फियाट ५००, मग १९५४ पासून फियाट अकराशे. तिच्या गोलाकार नाकाडामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले, आणि ते तिरस्काराने नव्हे, लाडाने. पुढे एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी रूपे येत गेली. १९६४ मध्ये आली ती डिलाइट: १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, सुकाणूच्या दांड्यावर गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. १९७२ मध्ये फियाटचे नाव उतरले आणि ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली. १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नावे बदलली, पण सांगाडा तोच राहिला.

८/
अशी मोटार मिळवणे हीच एक तपश्चर्या होती. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरे; वितरणावर आणि नव्या गाडीच्या पुनर्विक्रीवर सरकारी नियंत्रण असे; १९६९ मध्ये तर केंद्र सरकारने आदेश काढून किमतीही ठरवून दिल्या आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. डॉक्टरांनी नोंदणी केली १९६२ मध्ये. मोटार दारात आली १९६९ मध्ये. नोंदणी केली तेव्हा तीन वर्षांचा असलेला धाकटा मुलगा तोवर चौथीत गेला होता.

९/
पैशाची ओढाताण पंतप्रधानांनाही चुकली नव्हती. लालबहादूर शास्त्रींनी फियाट घेतली तेव्हा तिची किंमत सुमारे १२,००० रुपये होती. त्यांतले ५,००० रुपये त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्जाऊ घेतले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले. उरलेले कर्ज ललितादेवींनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडले. ती मोटार आज दिल्लीच्या शास्त्री स्मारकात उभी आहे. मागे राहिलेल्यांना मोटारीबरोबर तिचे देणेही वारशात मिळते. उत्तर कसब्यातले देणे मात्र पैशाचे नव्हते.

१०/
ऑगस्टमध्ये मेस्त्री आले. वय सत्तरीच्या आसपास. त्यांनी पहिल्याच दिवशी किल्ली मागितली नाही. वर्षानुवर्षे उभे असलेले इंजिन एकदम स्टार्टरने फिरवणे ही सर्वांत मोठी चूक. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेल्या असतात. जबरदस्ती केली की रिंग तुटते किंवा भिंतीवर चर पडतो. म्हणून आधी चारही प्लग काढायचे, प्रत्येक भोकातून थोडे तेल सोडायचे, काही दिवस मुरू द्यायचे आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने, केसभर-केसभर फिरवून पाहायचे.

११/
मेस्त्रींनी पहिला प्लग सोडवायला जोर लावला आणि ते मागेच झुकले. प्लग सहज निघाला. आट्यांना ग्रीस होते. भोकात बोट घातले तर ओले तेल. पुलीला पाना लावला; इंजिन सुस्कारा सोडून अर्धा फेरा फिरले. मेस्त्री थोरल्यांकडे वळले. “साहेब, हे इंजिन तेवीस वर्षं उभं नाही. कुणीतरी फिरवतंय की याला.” थोरले काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, “खंडेनवमीला.”

१२/
खंडेनवमी हा शस्त्रांच्या आणि अवजारांच्या पूजेचा दिवस. पूर्वी तलवारी पूजल्या जात. गिरण्यांच्या शहरात माग आणि यंत्रे पूजली जाऊ लागली. मग मोटारी, शिवणयंत्रे, संगणकसुद्धा. थोरले दर खंडेनवमीला पडवीत जात, खोळ काढत, प्लग सोडवून चमचाभर तेल घालत, पुली फिरवत, हळद-कुंकू लावत आणि पुन्हा खोळ घालत. २००२ च्या ऑक्टोबरातली खंडेनवमी डॉक्टरांच्या सुतकानंतर लगेचच आली होती. तेव्हापासून एकही चुकली नव्हती. मात्र २३ वर्षांत त्यांनी एकदाही किल्ली फिरवली नव्हती. ती चालू झाली असती तर तेव्हा का झाली नाही, हा प्रश्न उभा राहिला असता. आणि नसती झाली तरी तोच प्रश्न.

१३/
इंजिन वाचले होते, पण बाकीचे तेवढे सुदैवी नव्हते. पेट्रोल वर्षानुवर्षे साचले की त्याचा हलका अंश उडून जातो आणि तळाशी रोगणासारखा चिकट थर उरतो. टाकी उतरवली, धुतली, आतला गंज खडे घालून खंगाळून काढला. कार्बोरेटरची जेटे म्हणजे सुईच्या अग्राएवढी पितळी भोके; ती तारेने नव्हे, द्रावणात भिजवून आणि हवा मारून मोकळी केली, कारण तारेने भोक मोठे झाले तर मिश्रणाचे प्रमाणच बिघडते. पेट्रोलपंपाचा पडदा कडक होऊन तडकला होता. रबरी नळ्या सगळ्याच नव्या घ्याव्या लागल्या. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि १९६९ च्या रबराला त्याची सवय नाही.

१४/
क्लचची प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. चाकांतले ब्रेकचे सिलिंडर जाम होते. पिस्टन बाहेर काढून भिंती घासल्या आणि रबरी वाट्या बदलल्या. डॅशबोर्डमागची वायर उंदरांनी सोलली होती. पत्रा मात्र आश्चर्यकारकरीत्या धड होता. याचे श्रेय सोलापूरला. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत या गाड्यांचे तळ आणि दारांचे खालचे काठ आधी झडतात. सोलापूरच्या कोरड्या हवेत लोखंड टिकते, रबर सुकते. मोटार कोणत्या गावी उभी होती हे तिच्या दुखण्यांवरूनही सांगता येते.

१५/
सुटे भाग मुंबईहून आले. पद्मिनीचे उत्पादन २००१ पर्यंत थांबले. पण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच, असे समीकरण दशकानुदशके होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे नाहीशी झाली. मोडीत निघालेल्या त्याच टॅक्सींचे भाग आज उरलेल्या खासगी मोटारींना जगवतात. या मोटारीची क्लचप्लेट अशाच एका टॅक्सीची.

१६/
कुर्ल्याचा कारखाना म्हणजे केवळ मालकांचा इतिहास नव्हे. कायद्याचे विद्यार्थी ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स विरुद्ध कमलेकर शांताराम वाडके’ हा १९७५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आजही अभ्यासतात. वाद होता कामगारांच्या प्रोत्साहन भत्त्याच्या करारांचा. न्यायालयाने सांगितले की, जो हक्क औद्योगिक विवाद कायद्यातून निर्माण होतो त्याची दाद त्याच कायद्याच्या यंत्रणेकडे मागावी. दिवाणी न्यायालयात नव्हे. पद्मिनी हे नाव धारण करून मोटार नुकतीच बाजारात आली होती, त्याच सुमारास ती घडवणाऱ्या एका कामगाराचे नाव कायद्याच्या पुस्तकात कायमचे कोरले गेले.

१७/
सप्टेंबरात काम थांबले. सीना नदीला पूर आला. करमाळा, माढा, मोहोळकडची गावे पाण्यात गेली. पडवी गळू लागली, म्हणून मोटारीवर ताडपत्री बांधली. याच दिवसांत अर्जासाठी चासीचा आणि इंजिनाचा क्रमांक आरसी बुकावरून ताडून पाहण्याची वेळ आली. धाकटे आले. २३ वर्षांनी ते वाड्याच्या दिंडी दरवाजातून वाकून आत शिरले. हातात कापडी पिशवी होती. तिच्यात आरसी बुक आणि ती नोंदवही.

१८/
नोंदवही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची, उभी, हिशेबाची वही. डॉक्टरांनी आखलेले रकाने असे: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, कोठे, चालक, सोबत, दुरुस्ती. इतिहासाच्या अभ्यासकाला अशी साधने फार प्रिय असतात. रोजनिशीत माणूस स्वतःला सजवतो, आठवणींत तर अधिकच. पण पेट्रोलचा हिशेब लिहिताना कोणी भविष्याकडे पाहून लिहीत नाही. म्हणूनच त्यातून जे कळते ते सहसा लिहिणाऱ्याला सांगायचे नसलेलेही असते.

१९/
वहीची सर्वांत दाट पाने १९७२-७३ ची आहेत. त्या वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला आणि सोलापूर जिल्हा त्याच्या ऐन झळीत होता. वसंतराव नाईकांच्या सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, बंडिंग, रस्ते, खडीकेंद्रे. मे १९७३ च्या सुमारास राज्यभर या कामांवर जवळपास ५० लाख माणसे राबत होती. मिलोची भाकरी आणि मुलांसाठी सुकडी ही त्या वर्षाची चव अनेक घरांत अजून स्मरणात आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा.

२०/
वहीत दुष्काळ हा शब्द कुठेही नाही. आहेत ती गावांची नावे: सांगोला, मंगळवेढा, करमाळा, पुन्हा सांगोला. ‘कोठे’ या रकान्यात ‘खडीकेंद्र’. ‘दुरुस्ती’मध्ये महिन्यातून दोनदा पंक्चर, तुटलेला पाटा, धुळीने चोंदलेली हवेची जाळी. डॉक्टर कामावरच्या मजुरांना लस टोचायला आणि जुलाबांवर औषध द्यायला रविवारी जात. ‘चालक’ या रकान्यात सलग १४ महिने एकच शब्द: थोरला. ‘सोबत’ या रकान्यात दुसरा: धाकटा. थोरला २४ वर्षांचा होता, धाकटा १३ वर्षांचा. औषधांची पेटी मांडीवर धरून बसणे हे धाकट्याचे काम.

२१/
१९७४ ची पाने एकदम विरळ होतात. कारण हजारो मैलांवर होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध भडकले, तेलनिर्यातदार देशांनी पुरवठा आवळला आणि पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून काही महिन्यांत ११ डॉलरच्या पुढे गेला. कसब्यातल्या मोटारीचे रविवार बंद झाले. एकाच वहीत पाऊस न पडल्याने मोटार धावलेली दिसते आणि पश्चिम आशियातल्या युद्धाने ती थांबलेली दिसते. जागतिक इतिहास घरात शिरतो तो असा, पेट्रोलच्या रकान्यातून.

२२/
त्या दिवशी मेस्त्री वितरकाची टोपी काढून बसले होते. तिच्या आत पॉइंट असतात. ते उघडले-मिटले की ठिणगी पडते. त्यांच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा एक डबीसारखा भाग असतो, कंडेन्सर. पॉइंटांच्या तोंडाशी वीज उडून ती जळू नयेत, हे त्याचे काम. तो गेला की गाडी अचानक बंद पडते, आणि जाण्यापूर्वी तो कोणतीही पूर्वसूचना देत नाही. मेस्त्रींनी पॉइंट उजेडात धरले. “पॉइंट नवेच दिसतात. कडा झिजलेल्या नाहीत. पण तोंडं जळून निळी पडलीत. कंडेन्सर गेलेला आहे.”

२३/
धाकट्यांनी वही उघडली ती थेट शेवटच्या लिहिलेल्या पानावर. डॉक्टरांच्या थरथरत्या अक्षरातील अखेरची नोंद: १८ ऑगस्ट २००२. किलोमीटर ७१,३४८. ‘दुरुस्ती’च्या रकान्यात: प्लग, पॉइंट नवीन, थोरल्याने स्वतः बसवले. म्हणजे त्या रात्रीच्या जेमतेम महिनाभर आधी मोटारीची देखभाल झाली होती. हयगयीमुळे मोटार बंद पडली आणि म्हणून वडील गेले, हे जे न बोलता २३ वर्षे धरून ठेवले गेले होते, त्याला ही एक ओळ पुरून उरत होती.

२४/
थोरल्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग विचारले, “बाळ, ही तू आज पाहिलीस?”
धाकट्यांनी मान हलवली. “नाही दादा. तेराव्यालाच वाचली होती.”
“मग?”
“पटवून घ्यायची नव्हती. कुणावर तरी राग धरायला हवा होता.”
मेस्त्री उठून अंगणातल्या नळाकडे हात धुवायला गेले. हात धुवायला त्यांना बराच वेळ लागला.

२५/
येथे पुराव्याच्या मर्यादेबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. २०२५ मध्ये निकामी आढळलेला कंडेन्सर २००२ च्या त्याच रात्री निकामी झाला, हे काटेकोर अर्थाने सिद्ध होत नाही. जळलेले नवे पॉइंट तसे सुचवतात. त्यापलीकडे ते बोलत नाहीत. मेस्त्रीही एवढेच म्हणाले, “असेल. नसेलही.” मोटार चालू झाली असती तर डॉक्टर वाचले असते, हेही कोणाला सांगता येणार नाही. पण वहीतली ओळ निःसंदिग्ध होती. एका माणसाने आपले काम केले होते आणि दुसऱ्याला ते ठाऊक होते. साधने सत्य लपवतात असे आपण म्हणतो. पुष्कळदा साधन उघडेच असते, वाचणारा पान मिटून ठेवतो.

२६/
१ ऑक्टोबर २०२५. खंडेनवमी. नवा कंडेन्सर, नवी बॅटरी, ताजे तेल. आधी प्लग काढून स्टार्टर फिरवला, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. म्हणजे तेल सगळीकडे पोचल्याची खात्री. मग प्लग बसवले. टाकीऐवजी पेट्रोलची बाटली बॉनेटपाशी टांगली, कारण पहिल्या प्रयत्नात टाकीतला कण कार्बोरेटरमध्ये जायला नको. थोरल्यांनी हळद-कुंकू लावले आणि किल्ली धाकट्यांपुढे धरली. धाकटे म्हणाले, “तुम्हीच.” थोरले म्हणाले, “चालक मी पुष्कळ वर्षे होतो.”

२७/
पहिल्यांदा नुसता घरघराट. दुसऱ्यांदा कार्बोरेटरमधून एक फटकार, आणि आढ्यातली कबुतरे उडाली. मेस्त्रींनी वितरक किंचित फिरवला. तिसऱ्यांदा ती धरली. सिलिंडरांतले २३ खंडेनवम्यांचे तेल पांढरा धूर होऊन पडवीत भरले. शेजारपाजारचे लोक आग लागली की काय म्हणून धावत आले. धूर विरल्यावर इंजिन एका लयीत चालू लागले. धाकट्यांनी गिअर टाकला. विटांवरून आधीच उतरवलेली मोटार पडवीतून अंगणात आली, अंगणातून मोठ्या दरवाजाच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. अंतर सुमारे ४० फूट.

२८/
त्यापुढे रस्ता होता, पण विमा नव्हता आणि नोंदणीची मुदत केव्हाच संपली होती. म्हणून ती ट्रकवर चढवून होटगी रस्त्याकडे नेण्यात आली. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ सांगाडा, मूळ पत्रा आणि मूळ इंजिन राखलेल्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. तशी मोटार रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, फेरी किंवा दुरुस्तीपुरतीच ती रस्त्यावर येते. नमुना ३१ वर मात्र आधी सह्या हव्या होत्या. मोटार कोणाच्या नावावर करायची, यावर दोघांत प्रथमच वाद झाला. प्रत्येकाला ती दुसऱ्याच्या नावावर हवी होती.

२९/
ट्रक निघण्यापूर्वी थोरल्यांनी वही मागवली. डॉक्टरांच्या शेवटच्या ओळीखाली, एकही ओळ न सोडता, त्यांनी लिहिले. तारीख: १ ऑक्टोबर २०२५. कोठे: पडवी ते दरवाजा. चालक: धाकटा. सोबत: थोरला. दुरुस्ती: कंडेन्सर नवीन. ‘किलोमीटर’चा रकाना भरण्यासाठी त्यांनी चष्मा पुसून डॅशबोर्डमध्ये डोकावून पाहिले. ४० फुटांनी आकडा बदलत नाही. त्यांनी लिहिले: ७१,३४८.